एकशे त्र्याण्णव मिलिमीटर

त्या मोटरसायकलवर ‘भंगार’ असा शेरा मीच मारला होता, तोही माझ्या वळणदार अक्षरात, हे आधीच कबूल केलेलं बरं. नाहीतर पुढे वर्षानुवर्षं मी दिगंबर सुतारावर का जळत होतो ते कुणाला कळायचं नाही.

साल पंच्याण्णव. चंदीगडच्या एका सरकारी प्रयोगशाळेत मी भिंगांवर काम करत होतो. सरकारी जागेत सामान येतं सहज, जाताना मात्र त्याला समिती लागते. आमच्याकडे ती तिघांची होती: स्टोअरचे नरेशजी, हिशेबखात्यातले एक अबोल गृहस्थ आणि तांत्रिक सभासद म्हणून मी. वर्षातून एकदा आम्ही शेडमागे जायचो, मोडक्या टाइपरायटरांकडे आणि तीन पायांच्या खुर्च्यांकडे गंभीरपणे बघायचो आणि चहाची वेळ व्हायच्या आत निकाल द्यायचो. मग लिलाव. नियम एकच कडक होता: समितीतल्या माणसाने लिलावात बोली लावायची नाही.

त्या वर्षी शहतूताच्या, म्हणजे तुतीच्या, झाडाखाली, फाटक्या ताडपत्रीत ती उभी होती. फार पूर्वी कुणी जपानी भूकंपतज्ज्ञ हिमाचलच्या डोंगरात यंत्रं बसवायला आला होता. त्याने सोबत आणलेली ही सव्वाशे सीसीची यामाहा, डीटी. तो परत गेला, ही राहिली. टाकीवरचं नावही कुणीतरी काढून नेलं होतं. तिच्यावर तुती पडून पडून ती जांभळी झाली होती. मी किक मारून पाहिली, किक हलेना. ‘इंजिन जाम’ असं लिहिलं. हँडल नको इतकं रुंद होतं, म्हणून ‘हँडल फाकलेले’. धुराडं खाली जायचं सोडून सीटपर्यंत वर चढलं होतं, म्हणून ‘बहुधा अपघातात वाकलेले’. आणि पुढचं मडगार्ड चाकापासून इतकं वर, की मध्ये मांजराने संसार थाटावा. माझ्या जुन्या स्कूटरचं मडगार्ड चाकाला कसं बिलगून असायचं. मी खिशातली स्टीलची पट्टी काढली, शास्त्रज्ञाला शोभेल असं वाकून मोजलं आणि लिहिलं: ‘पुढील चाक व मडगार्ड यांमध्ये १९३ मिलिमीटर मोकळी जागा. मधला भाग गहाळ.’

नरेशजी प्रसन्न झाले. “देवदत्तजी, रिपोर्ट हो तो ऐसी,” म्हणाले.

लिलावाला दोन कबाडी, म्हणजे भंगारवाले, होते आणि आमच्याच वर्कशॉपमधला दिगंबर. दिगंबर म्हणजे टर्नर. कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथच्या आवाजात वाढलेला, आयटीआय करून विसाव्या वर्षी एक ट्रंक घेऊन इकडे आलेला. माझ्या भिंगांच्या सगळ्या पितळी चौकटी त्यानेच कातलेल्या. बोलणं कमी, आणि जे बोलणार ते चेहरा न हलवता. इतकी वर्षं चंदीगडात काढून त्याची हिंदी कोल्हापुरी राहिली आणि पंजाबीही कोल्हापुरीच झाली. त्याने मोटरसायकलवर बोली लावली तेव्हा कबाडी हसले. एकाने विचारलं, “उस्ताद, बकरी ले जा रहे हो?” लांब पाय, बारीक अंग, नाव चपखल बसलं. संध्याकाळपर्यंत अख्खी कॉलनी तिला बकरी म्हणू लागली. मीही हसलो. तेव्हा मी सुखात होतो.

त्या दिवसांत शहरभर नव्या मोटरसायकली येत होत्या. मीही वर्षभरापूर्वी स्कूटर विकून एक नवी कोरी, चकचकीत, पेट्रोल वाचवणारी शंभर सीसीची घेतली होती. आमच्या गल्लीत तिच्यासारख्या आणखी सहा होत्या. सकाळी ऑफिसला निघताना मी दोनदा शेजाऱ्याच्या गाडीला किल्ली लावली होती. पण नवी ती नवी.

दिगंबरने इंजिनात डिझेल ओतलं आणि आठ दिवस काही केलं नाही. रोज संध्याकाळी शेजारी स्टूल टाकून बसायचा. नवव्या दिवशी त्याने पायाने अलगद दाबलं आणि किक खाली गेली. जाम वगैरे काही नव्हतं. नुसती उभी राहून राहून अवघडली होती. कार्बुरेटरमध्ये कुंभारमाशीने मातीचं घर केलं होतं, धुराड्यात आणखी एक. रविवारी मी आणि सुमेधा, म्हणजे माझी बायको, दिगंबर-सुमित्रावहिनींकडे चहाला गेलो तर घरभर लिंबाचा वास. सुमेधाने विचारलं, सार केलंय का. सुमित्रावहिनी म्हणाल्या, “सार कुठलं? ह्यांचं यंत्र उकळतंय माझ्या पातेल्यात.” कार्बुरेटर लिंबाच्या पाण्यात खदखदत होता आणि दिगंबर त्याच्याकडे, दुधावर लक्ष ठेवावं तसं, बघत होता.

पिस्टनच्या रिंगा त्याने लेथवर स्वतः कातल्या. क्लचची दांडी कातली. मनीमाजऱ्याच्या भंगार गल्लीत तीन रविवार फिरून पुढच्या चाकाचा गाठीगाठींचा टायर आणला. होळीच्या सुमाराला एका सकाळी कॉलनीत फटाक्यांची माळ लागावी तसा आवाज झाला. सगळे बाहेर आले. टाकी पांढरीशुभ्र, सीट उंच, धुराडं ऐटीत वर. माझी मुलगी वल्लरी तेव्हा दहा वर्षांची. तिला मराठी कळायचं सगळं, पण उत्तर हिंदीतच यायचं. ती बकरीभोवती दोन चकरा मारून माझ्याकडे आली, म्हणाली, “पापा, आपकी वाली में ये गैप क्यों नहीं है?”

त्या क्षणी जे पोटात सुरू झालं ते जळणंच होतं. त्याला दुसरं सभ्य नाव शोधायचा मी बराच प्रयत्न केला. बकरीला मी आधी पाहिलं होतं. हात लावून, वाकून, मिलिमीटरमध्ये पाहिलं होतं.

देवाने मला थोडा दिलासा दिला. नोंदणी कार्यालयाने दिगंबरचा अर्ज परत पाठवला. सरकारी कागदावर गाडी भंगार आहे आणि तिचा मधला भाग गहाळ आहे. तो भाग बसवल्याचा दाखला आणा, किंवा ज्याने शेरा मारला त्याने तो मागे घ्यावा. तोवर नंबर नाही, आणि नंबर नाही तर रस्ता नाही. दिगंबर कागद घेऊन माझ्या खोलीत आला, उभाच राहिला.

“साहेब, त्यो गहाळ भाग नेमका कुठला, तेवढं सांगता का? लेथवर करून बसवतो.”

चेहऱ्यावर एक रेघ हलली नाही. तो खरंच विचारत होता की मला सोलत होता, ते मला आजवर कळलेलं नाही. मी कागद खणात टाकला आणि म्हणालो, पाहू. सरकारी नोकरीत ‘पाहू’ हे उत्तर वर्षभर टिकतं. माझ्या खणात ते त्याहून थोडं कमी टिकलं.

कारण मग नरेशजींचा कागद निघाला. लिलावातल्या ज्या गाड्यांची नोंदणी मार्चअखेरपर्यंत होणार नाही, त्या स्टोअरच्या समक्ष कापून टाकाव्यात. सत्त्याण्णवचा मार्च. नरेशजींचा तिच्यावर राग नव्हता. त्यांना फक्त यादीतली ओळ खोडायची होती. एक पत्र लिहायचं, चार ओळींचं, की माझी चूक झाली. मी लिहीत नव्हतो. दिगंबर पुन्हा मागायला आला नाही, त्यामुळे नाही म्हणायचीही सोय राहिली नाही.

सुमेधा सेक्टर बत्तीसच्या हॉस्पिटलात पॅथॉलॉजीत होती. रिपोर्ट हा तिचा रोजचा विषय. एके दिवशी पोळ्या लाटता लाटता म्हणाली, “आमचा रिपोर्ट चुकला तर आम्ही त्याच दिवशी दुसरा देतो. तुमच्याकडे काय, पेशंट जाईपर्यंत थांबतात?” मी म्हणालो, तो प्रश्न इतका सोपा नाही. ती म्हणाली, हो, जळतोयस म्हणून अवघड आहे. बायका बारीक बघतात, आणि त्यातून हिच्याकडे मायक्रोस्कोप.

रस्ता बंद असला तरी दिगंबर दर रविवारी बकरी बाहेर काढायचा. इंजिन बंद ठेवून, हाताने ढकलत, पोराला शाळेत सोडायला निघाल्यासारखा सुखना चोपर्यंत न्यायचा. चो म्हणजे पावसाळी ओढा. एरवी नुसती वाळू आणि गोटे. तिथे ना रस्ता, ना नंबर. दोन किलोमीटर ढकलत जाताना त्याला घाम फुटलेला मी गच्चीतून पाहायचो. खोटं कशाला बोलू, बरं वाटायचं. आठवड्यातलं तेवढं एक सुख होतं.

मार्चच्या तिसऱ्या रविवारी मी फिरायला म्हणून बाहेर पडलो आणि पाय आपोआप चोकडे गेले. काठावर कीकराच्या, म्हणजे आपल्या बाभळीच्या, झाडाआड उभा राहिलो. दिगंबर खाली वाळूत होता. त्याने किक मारली, उभ्यानेच गाडी हाकली आणि सरळ माझ्या बाजूला, गोट्यांच्या राशीकडे सोडली. मला वाटलं, संपलं. गाडी राशीवर चढली तसं पुढचं चाक वर सरकलं, सरकत सरकत मडगार्डला टेकतंय न टेकतंय तोवर गेलं, आणि रास ओलांडल्यावर गपकन आपल्या जागी खाली आलं. दिगंबरचं डोकं मात्र तळ्यावरच्या बदकासारखं एका पातळीत चाललेलं.

ती जागा भरलेली मी पाहिली. पुढच्या दगडावर पुन्हा भरली, पुन्हा रिकामी झाली. माझे एकशे त्र्याण्णव मिलिमीटर. त्यात काही बसवायचं नव्हतं. तिथे चाकाला यायचं होतं. भिंगवाला माणूस मी, आणि गाडी नुसती उभी असतानाच पाहून आलो होतो.

त्याने मला पाहिलं होतं. इंजिन बंद करून म्हणाला, “या की साहेब. एक फेरी मारा.”

मी नको नको म्हणत खाली उतरलो. पायांनी माझं ऐकलं नाही. सीटवर चढलो तर पाय जमिनीला पुरेनात. त्याने धरून ठेवलं, सोडलं, आणि मी निघालो. रुंद हँडल हातात येताच कळलं की रुंद का. पहिला गोटा आला, मी दात आवळले, आणि दातांपर्यंत काही आलंच नाही. पन्नास पावलं मी जगातला सर्वांत मोठा माणूस होतो. मग वळायचं ठरवलं आणि वाळूत आडवा झालो.

दिगंबर धावत आला. आधी त्याने गाडी उभी केली, धुराडं पाहिलं, क्लचची दांडी दाबून पाहिली. मग म्हणाला, “लागलं न्हाई न्हवं?” प्रश्न मला होता असं मी धरून चाललो. मी म्हणालो, नाही. वाळू झटकत तसाच बसून राहिलो आणि म्हणालो, “दिगंबर, पत्र उद्या देतो.”

“व्हय,” तो म्हणाला. “मग आता जाताना जरा मागनं ढकला. शेवटचंच हाय.”

दोन किलोमीटर. मी मागून ढकललं. वाटेत त्याने सांगितलं, शेडमागे ताडपत्रीखाली ही पडली तेव्हापासून तिच्यावर त्याचा डोळा होता. पंधरा वर्षं तो जेवणाच्या सुट्टीत तिथे जाऊन डबा खायचा. मागायची कुणाकडे, म्हणून कुणी तिला भंगार म्हणण्याची वाट बघत होता. “तुम्ही लिवलं म्हणून मिळाली साहेब. दुसऱ्या कुणी नीट बघितलं असतं तर गेली असती.”

याला आभार म्हणतात की काय म्हणतात, मी ठरवलं नाही. दुसऱ्या दिवशी लिहिलं: ‘सदर जागेत कोणताही भाग गहाळ नसून चाक वर येण्यासाठी ती मोकळीच असावी लागते. ही बाब खाली सही करणाऱ्याच्या लक्षात आली नव्हती.’ नरेशजींनी दोनदा वाचलं, “यार, इतना सच लिखना ज़रूरी है?” म्हणाले आणि पुढे पाठवलं. एकतीस मार्चच्या तीन दिवस आधी नंबर आला.

मला वाटलं होतं, पत्र दिलं की जळणं थांबेल. ते तर आता रस्त्यावरच आलं. सुखना तळ्याच्या रस्त्याला चौकात बकरी थांबली की नव्या गाड्यांवरची पोरं खाली उतरून विचारायची, “अंकलजी, बेचोगे?” दिगंबर फक्त मान हलवायचा. मागे बहुतेक वेळा वल्लरी बसलेली असायची, माझ्याकडे हात हलवत. माझ्या गाडीकडे कुणी बघितलं तर पत्ता विचारायला.

शेवटी मी समितीचा राजीनामा दिला. कारण विचारलं तेव्हा प्रकृती लिहिली, आणि ते फारसं खोटं नव्हतं. आता मला बोली लावता येते. दर वर्षी लिलावाला मी जातो, स्वतः कशाकडे बघत नाही. दिगंबर कशाकडे बघतोय ते बघतो. तो ज्याच्यापाशी दोनदा थांबला त्यावर मी बोली लावतो. हे त्याच्या लक्षात आलंय असा मला संशय आहे. गेल्या लिलावात तो एका गंजलेल्या टेबलफॅनपाशी फार वेळ उभा होता, वाकून, मान हलवत, एकदा तर हळूच हात फिरवून.

तो पंखा आमच्या गच्चीत आहे. एक पातं कमी आहे. ते तसंच असायचं असतं की काय, हे विचारायला दिगंबरकडे जायचं अजून माझ्या जिवावर येतंय.