वकीलसाहेबांचा विलायती भोंगा

मंडळी, आजच्या सूडाची खरी किंमत सांगतो: माझ्यासारख्या बोलक्या माणसाचं वर्षभर गप्प बसणं. परभणीहून आलो, खडू घेतला आणि थेट गॅरेजच्या या फळ्यापुढं उभा राहिलो.

गेल्या वर्षी परभणीत जुन्या स्पोर्ट्स कारच्या प्रदर्शनात आपले वकीलसाहेब पंच होते. माझ्या गाडीचा अस्सल विलायती भोंगा त्यांनी "हा तर गावठी" म्हणून नापास केला. रागाच्या भरात मी तो हैदराबादच्या एका भंगारवाल्याला देऊन टाकला.

आज त्याच प्रदर्शनात वकीलसाहेब स्वतःची गाडी घेऊन आले. त्यांनी भोंगा वाजवला आणि माझे कान उभे राहिले. शेवटी किंचित घोगरा होणारा तोच आवाज!

"खास लंडनहून मागवलाय," साहेब सगळ्यांना सांगायलेत.

यंदाचे पंच हैदराबादचे खानसाहेब. त्यांना गेल्या सालचा निकाल सांगितला आणि म्हणलो, "भोंग्याच्या आत बोट घाला. चोरीच्या भीतीनं मी माझ्या नावाचा 'गं' कोरलाय, तो लागंल."

लागला.

खानसाहेबांनी विचारलं, "वकीलसाब, ये असली है के नकली?"

नकली म्हणावं तर गाडी बाद. साहेब कसेबसे म्हणाले, "अस्सल."

"तो पिछले साल आपका फैसला गलत था, जी?"

"हो," साहेब पुटपुटले.

मी म्हणलो, "जरा मोठ्यानं, साहेब. मागच्यांना ऐकू न्हाई आलं."

चारचौघांत वकिलाला उताणा पाडला! लय गार वाटलं. तुमी माझ्या जागी असता तर गप्प बसला असता का? खाली खडूनं लिहा.

भोंगा अस्सल ठरल्यामुळं पहिला नंबर वकीलसाहेबांच्या गाडीचा आला.