फाइलकाकू आणि रिकामा कप्पा

इथे जर्मनीत, न्युरेम्बर्गमध्ये आमच्या ओळखीत कुठेही मूल जन्मलं, की फाइलकाकू बारशाला झबल्यासोबत एक निळी प्लास्टिकची फाइल घेऊन हजर. चेष्टा नाही करत. माझ्या फाइलीच्या पहिल्या कप्प्यात किंडरगार्टनच्या धावण्याच्या शर्यतीचा कागद आहे, आणि त्या शर्यतीत मी रडत उलटी पळाले होते.

"कागद जपा गं. कॉलेजवाले तोंड बघत नाहीत, कागद बघतात," हे त्यांचं उठताबसता चालायचं. तबला, पोहणं, चित्रकला, गणपतीत खुर्च्या लावणं, सगळ्याचं सर्टिफिकेट हवं. आरती संपायच्या आत त्या मंडळाच्या अध्यक्षांना सहीसाठी गाठायच्या. आम्ही मुलं जाम वैतागायचो. पण आमच्या आया ऑफिसात असताना भर थंडीत तलावाबाहेर टॉवेल घेऊन बसायच्या त्याही काकूच.

मला डॉक्टर व्हायचं होतं आणि आबिटूरचे, म्हणजे इथल्या बारावीचे, मार्क थोडे कमी पडले. "रडतेस काय? फाइल आहे ना!" असं म्हणत काकू मला युनिव्हर्सिटीच्या सल्लागार बाईंकडे घेऊन गेल्या. बाईंनी एकेक पान उलटलं. शेवटी त्यांनी फाइल मिटली. इथे मार्क बघतात, म्हणाल्या. हॉस्पिटलात किंवा वृद्धाश्रमात सलग वर्षभर सेवा केली असेल, तर त्याचे थोडे गुण मिळतील. बाकी यातलं काही लागत नाही.

"आल्झो, म्हणजे काहीच नाही?" काकूंनी जर्मनमध्ये विचारलं. बाईंनी मान हलवली. परतताना ट्राममध्ये काकू मांडीवरच्या फाइलीचे कप्पे एकेक करून चाचपत होत्या.

वृद्धाश्रमात मी जायचे, पण अधूनमधून एखाद्या शनिवारी, तिथल्या एका आजोबांना पेपर वाचून दाखवायला. तिथल्या ऑफिसातल्या बाई काकूंच्या योगवर्गातल्या. "वर्षभराचं लिहून देते, कोण विचारतंय?" असं त्या सहज म्हणाल्या. अर्जाला चार दिवस उरले होते. आई काकूंच्या मागेच लागली. "ताई, घ्या ना लिहून. पोरीच्या आयुष्याचा प्रश्न आहे." मलाही तेच हवं होतं, उगाच साळसूदपणा कशाला करू! काकू उठून घरी गेल्या आणि तीन दिवस त्यांनी फोन उचलला नाही.

शेवटच्या दिवशी सकाळी त्या दारात उभ्या. हातात तो कागद, सही-शिक्क्यासकट. मी हात पुढे केला. त्यांनी माझ्यासमोर तो टराटरा फाडला.

"काकू!" मी किंचाळले. "तुमचं काय जातंय? आयुष्य माझं आहे!"

तुकडे मुठीत धरून त्या म्हणाल्या, "उद्या एखादा म्हातारा तुझ्या भरवशावर डोळे मिटून पडेल. त्याला सांगशील, मी खोटा कागद दाखवून आलेय म्हणून?"

प्रवेश मिळाला नाही. मी काकूंशी बोलणं टाकलं आणि चरफडत त्याच वृद्धाश्रमात वर्षभर राबले. अंथरुणं बदलली, कवळ्या धुतल्या, सूप भरवलं. त्यात कधी रमले, ते मलाच कळलं नाही. पुढच्या खेपेला प्रवेश मिळाला, तेव्हा पेढे घेऊन आधी काकूंकडे गेले. दार उघडून त्या जणू कालच भेटल्यासारख्या म्हणाल्या, "वर्षाचं सर्टिफिकेट आणलंस ना? लाव फाइलला." मी त्यांच्या गळ्यात पडून भोकाड पसरलं.

गेल्या वर्षी त्यांना कॅन्सर झाला. दर शनिवारी मी हॉस्पिटलात जायचे, केस विंचरायचे, मऊ भात भरवायचे. शेवटच्या शनिवारी त्यांना धड बोलवत नव्हतं. तरी माझा हात धरून पुटपुटल्या, "अगं, याचा कागद..."

"घेते हं काकू. जाताना ऑफिसातून घेते," मी त्यांची समजूत घातली.

त्यांनी हात घट्ट दाबला. "घेऊ नकोस," म्हणाल्या. "याचा नको."

सोमवारी त्या गेल्या. फाइल माझ्या कपाटात आहे. तिचा शेवटचा कप्पा मी रिकामाच ठेवलाय.