बीम उतरू दे

रेवा, ईशान,

परवा फोनवर ईशान म्हणाला की जुन्या वेबसाइट नव्या आवृत्तीवर नेण्याचं काम आता त्याच्याकडे आलं आहे. "लोक इतकी वर्षं थांबतात तरी कशाला, आजी?" असं विचारून तो हसला. मी विषय बदलला, कारण ते उत्तर फोनवर देण्यासारखं नव्हतं. असा थांबलेला एक माणूस मी जवळून पाहिला आहे. तो मूर्ख नव्हता आणि आळशी तर मुळीच नव्हता. तुम्हा दोघांनाही आता अशी माणसं भेटतील, म्हणून लिहिते.

मास्तर उभे राहून टाइप करत. टेबलावर मागाच्या सुताच्या कांड्यांचा लाकडी खोका पालथा घातलेला आणि त्यावर कीबोर्ड. खोलीतली एकुलती एक खुर्ची पाहुण्यांसाठी असे. "बसून काम करायला आमच्यात कुणी शिकलंच न्हाई, टीचर," असं ते म्हणायचे. त्यांचे वडील यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारे. मास्तरांचं लहानपण मागांच्या मधल्या बोळात वडिलांच्या मागे फिरण्यात गेलं. घरात तेलुगू, गल्लीत मराठी, आणि संगणकाशी जमेल तेवढी इंग्रजी. वेबसाइट सांभाळतात म्हणून लोक आधी वेबमास्तर म्हणू लागले, मग नुसतंच मास्तर.

ती वेबसाइट सोलापूरच्या पूर्व भागातल्या काही विणकर कुटुंबांची होती. त्यांची वॉल हँगिंग, टॉवेल, चादरी तिच्यावरून थेट गिऱ्हाइकाला जात. त्याआधी हीच माणसं व्यापाऱ्याच्या पेढीच्या पायरीवर गठ्ठे घेऊन बसत, आणि तो देईल तो भाव घेऊन परतत. साइट चालू आहे तोवर त्या पायरीवर जावं लागणार नाही, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं. शाळेतून निवृत्त झाल्यावर मी मालाची इंग्रजी वर्णनं लिहून देत असे आणि मास्तरांना आलेली इंग्रजी पत्रं वाचून समजावत असे.

सुरुवातीला मास्तर फार उत्साही होते. साइट ज्या प्लॅटफॉर्मवर उभी होती त्याची नवी आवृत्ती आली, तशी त्यांनी त्याच दिवशी चढवली. ऐन दिवाळीच्या तोंडावर. चित्रं दिसत होती, पण खरेदीचं बटण कुठेच नव्हतं. ते परत येईपर्यंत दिवाळी निघून गेली. विणकर येऊन त्यांच्या दारात नुसते उभे राहत. कुणी एका शब्दाने बोललं नाही, आणि तेच मास्तरांना जास्त लागलं. वडील तेव्हा अंथरुणाला खिळलेले होते. ते पडल्या पडल्या म्हणाले, "चालू मागाला पाना कोण लावतं रे?"

जॉबरची ही रीत आहे. मागावर ताणलेलं सूत ज्या मोठ्या रुळावर गुंडाळलेलं असतं तो बीम. तो संपून खाली उतरला की मग मागाची मोठी दुरुस्ती. तोवर धागा तुटला तर गाठ मारायची आणि पुढे जायचं. वडील त्याच वर्षी गेले आणि मास्तरांनी ती रीत वेबसाइटला लावली.

पुढे प्लॅटफॉर्मच्या कंपनीचं पत्र आलं. मी ते मोठ्याने वाचून दाखवलं: या आवृत्तीला यापुढे सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणार नाहीत, नव्या आवृत्तीवर यावे. मास्तरांनी मान डोलावली.

"बीम उतरू दे, टीचर. मग बघू की."

दिवाळीनंतर लग्नसराई आली, मग उन्हाळ्यातले टॉवेल, मग परदेशातून वॉल हँगिंगची मागणी. एकदा मी स्पष्टच म्हणाले, "मास्तर, तुमच्या या मागावरचं सूत संपणार कधी?"

"संपू नये म्हणून तर सगळं चाललंय की!" ते हसून म्हणाले.

मीही हसले. पण त्या खोलीत बसणं मला हळूहळू नकोसं वाटू लागलं. त्यांच्याकडची कामाची साधनं त्या जुन्या आवृत्तीपुरतीच चालत, म्हणून संगणकही जुनाच ठेवावा लागे. तो पुन्हा सुरू होणार नाही या भीतीने ते तो कधी बंद करत नसत. आतला पंखा कापसाच्या धुळीने गुरगुरत राही. सगळ्यात वाईट म्हणजे जुन्यावरून एकदम नव्यावर उडी मारता येत नव्हती. मधली प्रत्येक आवृत्ती क्रमाने चढवावी लागणार होती, आणि आम्ही थांबलो तितक्या पायऱ्या वाढत होत्या. कधी एखाद्या चादरीचं चित्र नाहीसं होई. कधी पान उघडायला नको इतका वेळ लागे. मास्तर गाठ मारत आणि पुढे जात.

मग एका वर्षी संक्रांतीनंतर मागण्या कमी झाल्या. दर आठवड्याला आणखी कमी. विणकरांचे चेहरे उतरले, मास्तर मात्र खुलले. "थोडी मंदी हाय, घाबरू नका," असं घरोघर सांगत फिरले. मला हाक मारली ती जिन्यातूनच, "टीचर, उतरला बघा बीम! आता सगळं नवं करतो." नवा संगणक आला, नवी साधनं आली. मी नव्या पानांचं इंग्रजी तपासायला घेतलं. इतके आनंदी मास्तर मी पूर्वी पाहिले नव्हते. त्यांना सांगण्याजोगं काहीच माझ्याजवळ नव्हतं, तरी मला बरं वाटत नव्हतं.

नवी आवृत्ती चढवण्याआधी ते साइटच्या जुन्या फायली मूळ फायलींशी ताडून बघत होते. दुपारची वेळ होती, बाहेर सोलापूरचं ऊन. मी खिडकीपाशी उभी राहून छापील पानं वाचत होते; कीबोर्डचा आवाज थांबला म्हणून वर पाहिलं. मास्तर खुर्चीत बसले होते.

"हे मी लिहिलेलं न्हाई, टीचर."

एका फायलीत चार ओळी परक्या होत्या. गिऱ्हाइकाने खरेदीचं बटण दाबलं की त्या ओळी त्याला हुबेहूब आमच्यासारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्या पानावर नेत. सगळ्यांना नाही. कुणाला संशय येऊ नये इतकी गिऱ्हाइकं आमच्याकडे येऊ देत. बाकीच्यांनी पैसे भरले, आणि माल कुणालाच मिळाला नाही. तक्रारीही त्याच परक्या हातांत जात होत्या. मंदी नव्हतीच. ज्या शांततेची मास्तर इतकी वर्षं वाट पाहत होते, ती कुणीतरी जुन्या आवृत्तीच्या उघड्या राहिलेल्या दारातून आत येऊन केली होती.

त्यांनी साइट स्वतःच्या हाताने बंद केली, पोलिसांत कळवलं आणि मग घरोघर गेले. फोन कुणालाच केला नाही. पहिल्या घरी मी सोबत होते. अंबूबाई मागावरून न उठता ऐकत राहिल्या.

"तू येऊन सांगितलास, ते बरं केलास," त्या म्हणाल्या. "आता पायरीवर कोण जाऊन बसणार, ते पण सांग."

मास्तर पुढच्या घराकडे निघाले.

गिऱ्हाइकांचा विश्वास गेला तो गेला. नव्या आवृत्तीवर साइट तयार होती, चांगली होती, पण त्या नावाकडे पुन्हा कुणी फिरकलं नाही. एकेक कुटुंब पेढीवर परत गेलं. मास्तर हैदराबादला मेहुण्याकडे निघाले तेव्हा निरोप घ्यायला घरी आले. चहा घेतला. उठता उठता म्हणाले, "माग बिघडला तर खडखडतो, टीचर. कान दिला की कळतं. ह्याचा आवाजच आला न्हाई."

पुढे फोन येत, मग तेही थांबले. त्यांचा नंबर आता लागत नाही.

ईशान, तुझ्या प्रश्नाला माझ्याजवळ हेच उत्तर आहे. हात लावला आणि एकदा भाजला, म्हणून माणूस थांबतो.

साइट आता नाही. अंबूबाईंच्या घरी दोन माग चालतात, एकावर त्या स्वतः वॉल हँगिंग विणतात आणि फोनवर मागणी घेतात. बाकीची घरं व्यापाऱ्याला माल देतात.