रूथमावशींनी न घेतलेली भाकर

रूथमावशींकडे कुणाचं गाऱ्हाणं घेऊन गेलं की त्या आधी विचारायच्या, "हे त्याला सांगितलंस?" नाही म्हटलं की, "मग मला कशाला सांगतेस? तो मी आहे का? ऊठ, चप्पल घाल." आणि खरंच त्या माणसाच्या दारात नेऊन उभं करायच्या. निवृत्त नर्स, मूळच्या नगरकडच्या, डोंबिवलीत एकट्या राहायच्या. आमच्या ठाण्याच्या चर्चच्या मंडळीत त्यांना कसलंही पद नव्हतं. पण कमिटीच्या बैठकांत न मिटलेली भांडणं त्यांच्या एका फेरीत मिटायची. दोन सख्खे भाऊ चर्चच्या पंख्यावरून अबोला धरून बसले, तेव्हा त्यांनी दोघांना एकाच रिक्षात कोंबून दिवा स्टेशनजवळ राहणाऱ्या त्यांच्या आईकडे नेलं. "रिक्षात तोंड फिरवायला जागा नसते," असं त्यांचं म्हणणं.

स्वतःच्या बाबतीत तर त्या फारच कडक. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, येशूच्या आठवणीत सगळे भाकरीचा एकेक तुकडा घेतात. कुणाच्या मनात आपल्याविषयी अढी असेल तर ती मिटेपर्यंत त्या भाकर घेत नसत. "घशाखाली उतरत नाही बाई," म्हणायच्या.

एका नाताळात माझ्या मुलीचं, रियाचं, गाणं ठरलं होतं. गाण्यांची तयारी मावशींकडे होती. त्यांनी सराव ऐकला आणि ते गाणं दुसऱ्या मुलीला दिलं. रिया दोन दिवसांत विसरली. मी मात्र त्यांच्याशी बोलणंच टाकलं. "काय झालं गं, सुनीता?" त्यांनी विचारलं. "कुठे काय?" म्हणून मी पुढे निघून गेले.

जानेवारीच्या पहिल्या रविवारी भाकरीची थाळी मावशींपुढे आली आणि त्यांनी ती पुढे जाऊ दिली. मी मागच्याच बाकावर होते. मी माझा तुकडा घेतला, खाल्ला.

त्याच दुपारी त्या आमच्या बाळकुमच्या सोसायटीत आल्या. वॉचमनने इंटरकॉम केला, "मॅडम, रूथमावशी म्हणून आल्यात. पाठवू का?"

"मॅडम घरी नाहीत म्हणून सांग."

"मावशी, मॅडम बोलतात, मॅडम घरी नाहीत."

मावशी हसल्या, ते मला ऐकू आलं. "बरं. मॅडम घरी आल्या की सांगा, मी येऊन गेले."

त्यानंतरही त्या दोनदा आल्या. मी तेच उत्तर दिलं.

पाच महिने त्यांनी भाकर घेतली नाही. मंडळीत कुजबुज सुरू झाली. उपासनेनंतर चहा घेताना एकीने मला विचारलं, "मावशींच्या हातून काय झालं असेल गं? काहीतरी मोठंच पाप असणार." मला सगळं माहीत होतं. मी म्हणाले, "देव जाणे."

मग मावशी अंथरुणाला खिळल्या. चर्चचे पाळक, म्हणजे आमचे धर्मगुरू, प्रभुभोजन घेऊन घरी गेले, तर म्हणाल्या, "थांबा, मंडळीतल्या एका बहिणीशी बोलायचं राहिलंय." नाव त्यांनी सांगितलं नाही. पुढच्या रविवारी पाळकांनी उपासनेत सांगितलं, "ती बहीण इथे असेल तर तिने जावं." सगळे इकडेतिकडे बघू लागले. मीही बघितलं. आजही ते आठवलं की लाजेने जीव नकोसा होतो.

दोन दिवसांनी मी डोंबिवलीला गेले. मावशी निम्म्याने वाळल्या होत्या. मी बसायच्या आत म्हणाल्या, "सांग बाई, माझं काय चुकलं?" त्यांना ठाऊकच नव्हतं! मला ते तोंडाने सांगावं लागलं. "रियाचं गाणं तुम्ही दुसरीला दिलंत."

मला वाटलं, हसतील. हसल्या नाहीत. थोडा वेळ आठवत राहिल्या. "हो, दिलं खरं. तुला विचारलं नाही. चुकलंच माझं." आणि त्यांनी माझ्यापुढे हात जोडले. मी ते हात धरले, रडले, पण 'माझं चुकलं' हे काही माझ्या तोंडून फुटलं नाही.

संध्याकाळी पाळक आले. मावशींनी भाकर घेतली. त्याच आठवड्यात त्या गेल्या.

दफनविधीनंतर चहा घेताना विचारणारी तीच मैत्रीण म्हणाली, "शेवटी कबूल केलं म्हणे मावशींनी. काय होतं कुणास ठाऊक!" मी नुसती मान हलवली.

आता मंडळीच्या स्मरणिकेसाठी पाळकांनी मावशींवर चार चांगले शब्द मागितले आहेत. ते पुष्कळजण लिहितील. माझं एवढंच छापा, नावासकट: मावशींनी काही लपवलं नव्हतं. पाळकांनी त्या रविवारी विचारलेली बहीण मी.