येसरची आमटी आणि नळाचं पाणी

गिरणीचा संप फिसकटला आणि आमच्या दोघींच्या घरचे पुरुष एकदमच रिकामे बसले. माझी मैत्रीण कोकणातली, मराठ्यांची. मी जालन्याकडची. घाटकोपरच्या एकाच गल्लीत राहायचो. घरात बसून काय चूल पेटणार होती? गाऊन आणि परकरांचं गाठोडं उचललं आणि निघालो दारोदार विकायला.

पाय तुटायचे, पण खायची मात्र चंगळ, बरं का. डबा घरचा असायचा, पण जाऊ तिथली एक तरी चीज घ्यायची आणि अर्धी-अर्धी खायची, असं आमचं ठरलेलं. मुलुंडला कच्छी माणसाच्या गाडीवरची दाबेली. आरे कॉलनीतल्या पाड्यावर एका म्हातारीनं दिलेली तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी. मैत्रिणीचं नाक भारी तिखट. म्हणायची, "पाटी वाचू नको गो, रिक्षावाले खय जेवतत ता बघ." आणि तिचं कधी चुकायचं नाही.

तिची खोली तळमजल्यावर, रस्त्याला लागून. एकदा चालता चालता म्हणाली, "आपण दोघी खानावळ काढूया. तू तुझ्याकडचा कर, मी माझे मासे करतंय. हे गाठोडे एकदाचे फेकून देवया." माझे गुडघे तेव्हाच बोलायला लागले होते. एका जागी बसून, आपल्या हातचं रांधून चार माणसांना वाढायचं, हे मला इतकं आवडलं म्हणून सांगू. मग घरी, दारी, चालताना, दुसरा विषयच नाही.

आणि गोवंडीला एक जेवण विकणारी बाई सापडली. पत्र्याच्या खोलीची खिडकी, खिडकीत पातेलं, बाहेर रिक्षांची रांग. वास आला आणि माझे पाय जागीच थांबले. येसरची आमटी. बाजरी, गहू, हरभऱ्याची डाळ, धने, मिरच्या असं सगळं खमंग भाजून दळतात, ते येसर. आमच्याकडे लग्नाच्या पंगतीला करतात. मुंबईत आल्यापासून मी चाखलीसुद्धा नव्हती. आम्ही उभ्या उभ्याच ज्वारीची भाकरी कुस्करून खाल्ली. मैत्रीण म्हणाली, "नारळ घातल्याशिवाय अशी चव? खोटा बोलतंस."

"नाही गं बाई. नारळ कुठला आमच्याकडे?"

"मग रविवारी आपल्या खानावळीत हीच."

आठवडाभरात तिच्याच घरी मी येसर करून दाखवलं. ती शेजारी बसून एकेक जिन्नस हाताने भाजत होती. तिच्या हाताला गुण होता, ते खोटं कशाला बोलू. पहिल्याच खेपेला जमलं तिला.

नंतर आम्ही पुन्हा गोवंडीला गेलो. त्या दिवशी गर्दी नव्हती. बाईनं आत बोलावून पाटावर बसवलं, ताटं वाढली आणि मला विचारलं, "बोलण्यावरून आपल्याकडची वाटतीस. कुठली गं माय तू?" मी गाव सांगितलं. तिचं माहेर शेजारच्याच गावात. आजा कोण, मामा कोण, सगळं निघालं. तिनं हात जोडले, "जयभीम, माय." मीही म्हटलं, "जयभीम."

मी बौद्ध आहे हे मी कधी लपवलं नव्हतं. मैत्रिणीनं कधी विचारलं नव्हतं. आमचं आडनाव मराठ्यांतही असतं, त्यावरून तिनं आपलं धरून ठेवलं होतं.

मैत्रीण उठली नाही. वाढलेलं सगळं खाल्लं. आमटी झणझणीत, तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. बाईनं तांब्या पुढे केला. "नको, तहान नाय." मी माझी बाटली काढली. वर्षभर त्याच बाटलीला तोंड लावून ती पाणी प्यायली होती. तेही पाणी नको म्हणाली. बाहेर पडलो आणि रस्त्यावरच्या नळाखाली ओंजळ धरून ती घटाघटा पाणी प्यायली. मी गाठोडं धरून बाजूला उभी.

बसस्टॉपवर म्हणाली, "मी काय मानत नाय हां. तुका माहीत आसा. पण गिऱ्हाईक मानतत. तू आतच बस, मसाला कर. वाढायला, पाणी द्यायला मी आसंय. कोणी विचारला तर गाव सांगू नको."

"आणि विचारलंच तर काय सांगू?"

"बोलूच नको ना."

मी म्हटलं, मग तुझी तूच काढ. तिला वाटलं असेल, राग आहे, जाईल. नाही गेला.

तिनं काढली. गाठोडं मी एकटीनं उचललं. वर्षभराने मुलुंडहून परतताना तिच्या दारावरून आले, आणि वास आला. टेबलं भरलेली. तिनं मला पाहिलं, हाक मारली, "ये गो, बस." बसले. मलाच वाटत होतं, एकदा बघावंच. तिनं स्वतः ताट आणलं. शेजारच्या टेबलावरचा माणूस बोटं चाटत विचारत होता, "काकी, ही आमटी कुठली?"

"आमच्या घरची. सासूनं शिकवलेली."

सासू तिची मालवणची. आयुष्यात तिनं बाजरी भाजली नसेल.

मी पहिला घास घेतला. बिघडली असती ना, तर मी हसून उठले असते. पण तीच होती, जशीच्या तशी, माझ्या आईच्या हातची. संपवली सगळी. तोंड पेटलं होतं. तिनं पाण्याचा पेला भरून समोर ठेवला, सगळ्यांसारखाच स्टीलचा. मी म्हटलं, "नको. तहान नाही."

तिला कळलं. पेला तसाच उचलून आत गेली. त्या रस्त्याला नळ नव्हता. घरी पोचेपर्यंत जीभ जळत होती.