हात लावायचा नाही

त्या दिवशीच्या माझ्या यादीत चौदा कामं होती. पहिल्याखाली मीच दोन रेघा ओढल्या होत्या: हात लावायचा नाही.

येलहंक्याच्या आमच्या प्रयोगशाळेत पेशंटची सगळी व्यवस्था मी बघते. यंत्राचं म्हणाल तर लेसरचा क्षणभराचा झोत त्वचेवर पडतो, तो आतल्या रक्तात शोषला जातो, रक्त किंचित तापून फुगतं आणि त्यातून आपल्याला न ऐकू येणारा आवाज निघतो. एरवी तो टिपायला जेल लावून प्रोब त्वचेवर टेकवावा लागतो. आमच्याकडे दुसरा किरण लांबूनच त्वचेची थरथर मोजतो आणि त्यावरून रक्तवाहिन्यांचं चित्र तयार होतं.

आलेल्या बाई मूळच्या बेळगावकडच्या, होसकोट्याला एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये स्वयंपाक करणाऱ्या. उजव्या हातावर उकळतं सांबार सांडलेलं. नवी कातडी आली होती, पण वारा लागला तरी झोंबायची. दवाखान्यात प्रोब टेकवला तेव्हा त्या किंचाळल्या होत्या.

"आत रक्त पोचतंय का तेवढं बघा की," त्या कानडीत म्हणाल्या. "हा हात परत मोठं पातेलं उचलणार का नाही, ते कळायला पाहिजे मला."

"चित्र तुमच्या डॉक्टरांना देऊ. ते सांगतील."

"आणि हात कोण लावणार नाही न्हवं?"

"कुणीही नाही, अक्का." मी ते संमतिपत्रावरही लिहून दिलं.

सगळ्यांनी चष्मे चढवले. पुण्याहून आलेली आमची इंजिनिअर लेसरचा किरण जुळवत होती. तेवढ्यात बाईंच्या पदराचं टोक घसरून झोताच्या वाटेत आलं. तोंडानं सांगायचं सोडून मी ते चटकन सरळ केलं. मला वाकडं काही बघवत नाही, घरीसुद्धा मी लोकांच्या कॉलरी ओढत असते. पदराची जरीची किनार कातडीवरून घासली. बाईंनी हात पोटाशी ओढून घेतला. डोळ्यांत पाणी.

"लिहून दिलं होतं न्हवं तुम्ही?"

इंजिनिअर मराठीत हळूच म्हणाली, "मॅडम, कापडच लागलंय, हात नाही. नोंद नको करायला, अख्खं सेशन बाद होईल."

बाई बेळगावकडच्या, त्यांना मराठी येतं, हे ती विसरली होती. मी नाही. मी वहीत लिहिलं आणि मोठ्यानं वाचलं: "माझ्या हातून पदर ओढला गेला, त्वचेला स्पर्श झाला. सत्र थांबवलं." मग म्हणाले, "चूक माझी आहे. तुम्ही आज घरी जाऊ शकता. पुन्हा यायचं की नाही, तुम्ही ठरवा."

बाई बराच वेळ हातावर फुंकर घालत राहिल्या.

"दोन बस बदलून आलेय. परत कुठं येऊ?" त्यांनी डाव्या हातानं पदर कमरेला खोचला. "नवा कागद करा. आणि तुम्ही तिकडं भिंतीला उभ्या राहा. हात मागं."

"सरी, बरं," मी म्हणाले.

नव्या कागदावर त्यांनी डाव्या हातानं सही केली. मी भिंतीला पाठ लावून, हात मागे बांधून उभी राहिले. यंत्राची बारीक टिकटिक सुरू झाली. तिथून मला पडदा दिसत नव्हता, फक्त बाईंचा जबडा दिसत होता. आधी आवळलेला, मग हळूहळू सैल पडलेला.

शेवटी इंजिनिअरनं पडदा त्यांच्याकडे वळवला. "या बारीक रेघा रक्तवाहिन्यांच्या. नव्या कातडीखालच्या."

"माझ्याच?"

"तुमच्याच. बाकीचं डॉक्टर सांगतील."

बाई पुढे वाकून एकेक रेघ बघत राहिल्या. मग मागे वळून मला म्हणाल्या, "या की आता. लांबूनच बघा."