दोन छापांचा भात

माझ्या कुडव्याच्या घरात भाड्याने राहणारी सालेकशाची पोरगी दुकानात गेली की तांदूळ बघत नाही, आधी थैलीवरचा छाप वाचते. मिलवाले आपापले छाप सरकारात नोंदवतात. त्या नोंदींवरून बाहेर किती तऱ्हेचा, किती चांगला माल जातो, यावर तिचा प्रबंध आहे. दर वाक्याला "म्हणजे बघा आजी" लावते. मला कंटाळा येई.

परवा तिने भाताचे दोन गंज गॅसवर चढवले.

"कायले वं दोन?"

"एकाच मिलचे दोन छाप आहेत आजी. नवा महाग आहे. खाऊन सांगा."

मी खाल्लं. "एकच तांदूळ हाये, पोरी."

"मलेही तसंच लागून राहिलं," ती म्हणाली. नवा छाप म्हणजे नवा माल, असं धरूनच तिने सगळं लिहिलं होतं.

तिने तिथूनच प्रबंधाच्या सरांना फोन लावला. सर म्हणाले, "एका भाताने काय होते? जमा करून टाक."

"नाही सर. आधी तपासते. पदवी उशिरा मिळाली तरी चालेल."

ही सालेकशाची पोरगी माझ्याकडे राहते, हे आता मी कोणी न विचारताही सांगते.